डिटेक्टिव्हचं नशीब नक्की कुठे ठेवायचं?

टेबलटॉप गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायचे खेळ, त्यात खुनाची केस आली की टेबलावर अशी वेळ कधी ना कधी येतेच. तुमच्या डिटेक्टिव्हच्या शीटवर, म्हणजे तिची माहिती आणि आकडे असलेल्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हिच्या तोडीचं कोणी नाही, हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, पोलीस अडले की हिच्याच दारात येतात, आणि मग ती खुनाच्या खोलीत शिरते, गालिच्याचा एक कोपरा दुमडलेला असतो, खेळ चालवणारा गेम मास्टर म्हणतो टाक फासे. स्किल ७०, म्हणजे शंभरात ७० किंवा कमी पडायला हवेत. पडतात ९४. "तुला काही विशेष दिसत नाही." सगळे एकमेकांकडे बघतात, कारण आता त्या कोपऱ्याखाली काहीतरी आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलंय, फक्त जिला ते सगळ्यात आधी दिसायला हवं होतं तिलाच दिसत नाहीये. मग शेजारचा म्हणतो मी पण बघतो की, त्याचं कॅरेक्टर म्हणजे तिचा ड्रायव्हर, स्किल २५, तो टाकतो आणि पडतात १२. क्लू ड्रायव्हरला.

हसू येतं, मान्य आहे. पण हाच प्रकार एका संध्याकाळी तीनदा झाला की ते कॅरेक्टर मेलं समजा. पुढे कोणी तिला डिटेक्टिव्ह म्हणून खेळवत नाही, नुसती शीट पुढे ढकलत राहतात.

यावर बहुतेक डिझायनर काय करतात तर आकडा वाढवतात. ७० चं ८५ करू, नाहीतर एक रिरोल, म्हणजे फासे परत टाकायची संधी, देऊ, नाहीतर "तपास करताना +२" असं कार्डावर छापू आणि खाली तिरक्या अक्षरात दोन ओळींची हळवी पार्श्वभूमी. माझं मत असं की हा आकड्यांचा प्रश्नच नाहीये. नशीब किती ठेवायचं हे नंतर बघता येतं, आधी ते त्या माणसाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं हे ठरवा. डिटेक्टिव्ह ज्या गोष्टीसाठी ओळखला जातो तिथे फासे ठेवू नका, जिथे त्याचं स्वतःचं काही चालत नाही तिथे ठेवा, आणि मग बिनधास्त भरपूर ठेवा.

रहस्यकथेचं आणि नशिबाचं वाकडं जुनंच आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबुवांनी, जे स्वतः रहस्यकथाही लिहायचे, अशा कथांसाठी दहा नियम मांडले, त्यातला सहावा नियम आपल्या कामाचा आहे: योगायोगाने डिटेक्टिव्हला मदत होता कामा नये, आणि ज्याचं कारण देता येत नाही असं काहीतरी त्याला आतून वाटावं आणि ते बरोबर निघावं, हेही चालणार नाही. वाचकाशी प्रामाणिक राहायचं तर हे पाळायलाच हवं असा त्यांचा हिशोब. आणि टेबलटॉप गेम नेमकं हेच करतो, १२ पडले आणि ड्रायव्हरला क्लू मिळाला म्हणजे योगायोगाने मदतच झाली ना. पण नियम नीट वाचला तर एक फट दिसते. त्यात मदत करणाऱ्या नशिबाला बंदी आहे, आड येणाऱ्या नशिबाला नाही. कथांमध्ये डिटेक्टिव्हची गाडी चुकते, साक्षीदार तोंड उघडायच्या आतच मरतो, पावसात पाऊलखुणा धुऊन जातात, आणि वाचक याबद्दल कधी तक्रार करत नाही. कारण ते वाईट नशीब परिस्थितीवर पडलेलं असतं, त्याच्या डोक्यावर नाही. ही फट म्हणजे डिझायनरसाठी मोकळं मैदान आहे, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक तिथे खेळतात.

आता कोणी म्हणेल मग फासेच काढून टाका ना, कटकट नको. काढलेत की लोकांनी. १९८१ मध्ये आलेला शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह हा गेम घ्या, त्याला १९८५ चं श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं जर्मन बक्षीस, मिळालंय, त्यात एकही फासा नाही, नकाशा, डिरेक्टरी, वर्तमानपत्र आणि तुमचं डोकं. गेम भारीच आहे. पण त्यात तुमचं कॅरेक्टर कोण? कोणीच नाही. तुम्ही जेवढे हुशार तेवढा तुमचा डिटेक्टिव्ह हुशार, आणि टेबलावर एक जण बाकीच्यांपेक्षा चलाख असला की उरलेले तिघे त्याचे श्रोते. फाशांचं खरं काम इथे कळतं. मी स्वतः बावळट असलो तरी माझं कॅरेक्टर तल्लख असू शकतं, ही सोय फासे आणि आकडे मिळून करतात. म्हणून नशीब हवंय. कॅरेक्टर म्हणजे शेवटी तुमच्यापेक्षा वेगळा माणूस, आणि तो वेगळेपणा नियमात कुठेतरी उतरवावा लागतो.

क्लूडो या बोर्ड गेमने हा प्रश्न टाळूनच टाकला. अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बनवला, १९४९ ला बाजारात आला, ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या म्हणजे ३२४ शक्यता, आणि फासे फक्त पायांना. कोणत्या खोलीत पोचता हे नशिबाने, तर्क मात्र शुद्ध. एवढ्यापुरती मांडणी माझ्या मताला धरूनच आहे बघा. पण रंगीत सोंगट्या आणि भारदस्त नावं सोडली तर सगळे सारखेच, कर्नल मस्टर्ड घेतला काय आणि प्रोफेसर प्लम घेतला काय, विचार करण्याच्या पद्धतीत काडीचा फरक नाही. स्कॉटलंड यार्ड या बोर्ड गेममधल्या डिटेक्टिव्हांचंही तेच. चालतं, कारण त्या गेमना कॅरेक्टर नकोच आहे. ज्याला हवंय त्याचं दुखणं वेगळं.

थोडं गणित करू, कारण "७० म्हणजे चांगलं स्किल" हा गैरसमज त्यानेच मोडतो. समजा उलगडा व्हायला तीन क्लू लागतात आणि प्रत्येकासाठी एकदाच ७० टक्क्यांवर फासे टाकायचे. तिन्ही मिळण्याची शक्यता ३४ टक्के. चार क्लू लागत असतील तर २४. म्हणजे तुमच्या शीटवर तज्ज्ञ लिहिलेला माणूस चारातल्या तीन केसेस सोडवूच शकत नाही, आणि यात कोणाचा निर्णय चुकलेला नसतो, नुसतं दान पडलेलं नसतं. जस्टिन अलेक्झांडर यांनी मांडलेला तीन क्लूंचा नियम यासाठीच आहे, खेळणाऱ्यांनी जो निष्कर्ष काढावा असं तुम्हाला वाटतं त्याच्याकडे नेणारे निदान तीन क्लू पेरून ठेवा. तसं केलं तर एक निष्कर्ष हाती लागायची शक्यता ९७ टक्के होते, असे तीन निष्कर्ष लागत असतील तर तिन्ही मिळायची ९२. गेम मास्टरची रात्र वाचते. पण हा उपाय केसवर झाला, कॅरेक्टरवर नाही. ती बाई अजूनही गालिच्यापाशी तशीच आंधळी.

रॉबिन लॉज यांची गमशू ही तपासाच्या गेमसाठीची नियमांची सिस्टीम याच्या पुढे गेली. तिथे तपासाच्या कौशल्यांना फासेच नाहीत, कौशल्य तुमच्याकडे आहे, तुम्ही योग्य जागी आहात आणि वापरतोय म्हणालात की मुख्य क्लू मिळणारच. फासे फक्त पळापळ, मारामारी, लपणंछपणं यांना, तिथेही टाकायच्या आधी पॉइंट खर्च करून आकडा वाढवता येतो. विचार अगदी पक्का आहे, क्लू सापडतो का यात मजा नाही, सापडलेल्या क्लूचं काय करता यात आहे. मला हे शंभर टक्के पटतं. तरी खेळताना एक रिकामपण जाणवतं, क्लू घ्यायच्या वेळी कॅरेक्टर फक्त किल्ली होतं, हे कुलूप रसायनशास्त्राचं, कोणाकडे आहे रे रसायनशास्त्र, हां, घे क्लू. ती रसायनशास्त्र शिकलेली बाई कशी आहे याला त्या क्षणी काही अर्थ उरत नाही. नशीब डोक्यावरून काढलं हे बरोबरच केलं, पण ते उचलून तिच्या दुसऱ्या कुठल्या बाजूला ठेवता आलं असतं, तेवढं राहिलं.

ते कसं ठेवायचं याची सगळ्यात चांगली शाळा माझ्या मते अर्कहॅम हॉररचा पत्त्यांचा गेम, २०१६ चा. त्यात फासे नाहीत, टोकनांची पिशवी आहे, कसोटीच्या वेळी तिच्यातून न बघता एक टोकन काढायचं. पहिल्या मोहिमेच्या स्टँडर्ड पातळीवर १६ टोकनं, त्यातलं एक थेट नापास करणारं, म्हणजे दर वेळी सव्वासहा टक्के धोका, तुम्ही कितीही हुशार असा. माझ्याच मताला हे छेद देतंय असं वाटेल. नाही देत, कारण त्या गेमचं जगच असं आहे की माणसाच्या हुशारीला तिथे फारशी किंमत नाही, पिशवी म्हणजे ते जग, आणि त्या जगाने तंगडी ओढली तर कॅरेक्टर मूर्ख ठरत नाही. हीच पिशवी क्लूडोच्या हवेलीत नेऊन ठेवा, भंकस वाटेल. थीमला परवडेल तेवढंच नशीब, हे इथे दिसतं.

पण मी शाळा म्हणतोय ती त्यातल्या कॅरेक्टरांमुळे. रोलँड बँक्स हा सरकारी एजंट, शत्रू मारला की त्याच जागेवरचा एक क्लू त्याला मिळतो, फेरीत एकदाच. तपासाची त्याची पद्धतच ती, आधी गोळी मग चौकशी, आणि यात फासा नाही टोकन नाही, मारलं की मिळालं. त्याच्याच डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यात, त्याचं स्वतःचं एक वाईट कार्ड घातलेलं असतं, दडपलेलं प्रकरण. ते कार्ड आलं की त्यावर तीन क्लू ठेवायचे, आणि मग तुम्हाला एखादा क्लू मिळणार असेल तर तो घ्यायच्या ऐवजी त्या कार्डावरचा एक काढून टाकता येतो, गेम संपेपर्यंत ते रिकामं झालं नाही तर मनावर कायमचा ओरखडा. आता यात नशिबाने काय केलं? फक्त वेळ ठरवली. ते कार्ड पहिल्याच फेरीत येईल, शेवटी येईल, कदाचित येणारच नाही. पण आल्यावर काय होईल ते रोलँड कोण आहे यावरून ठरलेलं आहे, ते दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. कधी ते नशिबाने ठरवावं आणि काय ते कॅरेक्टरने, मला एखाद्या नव्या डिझायनरला एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी ही सांगेन.

त्याच गेममधला जो डायमंड त्याहून मजेशीर, खाजगी डिटेक्टिव्ह. त्याला मुख्य डेकशिवाय वेगळा ११ कार्डांचा अंदाजांचा डेक मिळतो. दर फेरीत वरचं एक कार्ड उघडतं, ते दोन रिसोर्स (कार्ड खेळायला मोजायचं चलन) कमी देऊन खेळता येतं, नाही खेळलं तर फेरीच्या तपासाच्या टप्प्याअखेर परत त्याच डेकमध्ये मिसळायचं. म्हणजे त्याच्या मनात आज काय चमकेल हे त्याच्या हातात नाही, पण त्याला काय काय चमकू शकतं ती जवळजवळ सगळी यादी तुम्हीच आधी बसून बनवलेली असते. नॉक्सबुवांनी बंदी घातलेली ती आतली हाक इथे कायदेशीर झाली, कारण तिचं कारण देता येतं, ते ११ पत्ते हेच कारण. आणि वेंडी ॲडम्स ही अनाथ पोरगी, टोकन वाईट निघालं तर हातातलं एक कार्ड फेकून ते परत पिशवीत टाकते आणि दुसरं काढते. रस्त्यावर वाढलेलं पोर जे हाताशी असेल ते फेकून जीव वाचवणारच. तिच्याबद्दल एक ओळ पार्श्वभूमी वाचली नाही तरी तीन फेऱ्यांत ती कोण आहे ते कळतं.

आता हेच आपल्या एखाद्या कॅरेक्टरवर करून बघू. समजा पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर आहे, आयुष्य मृतदेहांबरोबर गेलेली, जिवंत माणसांशी दोन वाक्यं धड न बोलता येणारी. सहाचे फासे, ४ किंवा जास्त पडलं की काम झालं. सोपा मार्ग म्हणजे "मृतदेह तपासताना +२", आणि मग कधीतरी १ पडणार आणि ती मृत्यूची वेळ चुकवणार. त्याऐवजी कार्डावर असं लिहा की मृतदेहापाशी फासे टाकायचेच नाहीत, वेळ आणि कारण गेम मास्टरने सरळ सांगायचं. आणि साक्षीदाराशी बोलताना दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. एरवी निम्म्या वेळा जमणारी गोष्ट हिला चारात एकदा जमते. इथपर्यंत थीम झाली, पण निर्णय कुठे आहे, खेळणारा नुसता मार खातोय. म्हणून तिसरी ओळ: मृतदेहावरून कळलेली एखादी गोष्ट तिने साक्षीदाराला सांगून टाकली तर दोनातला मोठा आकडा धरायचा, पण मग ती गोष्ट खुन्यालाही कळली असं समजायचं. चारात एकदाचं चारात तीनदा झालं. आता प्रत्येक जबानीआधी ती डॉक्टर तुमच्यासमोर अडखळत उभी राहते, विषाचं नाव सांगू का नको, सांगितलं तर हा बोलेल पण उरलेली बाटली संध्याकाळपर्यंत गायब होईल. फासा तोच, ४ किंवा वर पडायला हवं तेवढंच, पण टाकायच्या आधीचा तो विचार त्या बाईचा आहे.

रिरोलबद्दल बोलायलाच हवं कारण ती सगळ्यात आळशी पॉवर आहे आणि निम्म्या डिटेक्टिव्हांना तीच दिलेली असते. ५० टक्क्यांवर एक रिरोल मिळाला तर ७५ होतात. ७० वर ९१. ९० वर ९९, म्हणजे फक्त ९ ची भर. तज्ज्ञाला रिरोल देणं म्हणजे समुद्रावर पाऊस पाडणं. ज्याचं निम्मं जमतं निम्मं नाही अशा कॅरेक्टरला तो सगळ्यात जास्त कामाचा, म्हणून रिरोल द्यायचाच तर धडपड्याला द्या, चिकाटी ज्याचा स्वभाव आहे त्याला, आणि फुकट देऊ नका. कॉल ऑफ कथुलू या भयकथांवरच्या गेमच्या सातव्या आवृत्तीत पुश करायची सोय आहे ती याबाबतीत फार शहाणी आहे. दान फसलं तर परत टाकता येतं, पण आपण या वेळी वेगळं काय करतोय ते आधी सांगावं लागतं, जास्त वेळ थांबतो, दार फोडतो, कपाट रिकामं करतो, आणि दुसऱ्यांदा फसलं तर परिणाम जास्त वाईट होणार हे कबूल करूनच. एकाच नियमातून कॅरेक्टर कळतं, कोण काय पणाला लावतो त्यावरून. हाच गेम १९८१ पासून लायब्ररीत पुस्तक सापडतं का यासाठीही टक्क्यांवर फासे टाकायला लावतो, हा भाग वेगळा, आणि गालिच्याचा जो किस्सा वर सांगितला तसले किस्से बहुतेक असल्याच टेबलांवर घडतात.

थीमची बाजू घेतोय म्हणून ती कितीही चालते असं मात्र नाही. २००८ चा अँड्रॉइड हा बोर्ड गेम बघा. प्रत्येक डिटेक्टिव्हला स्वतःचं आयुष्य, स्वतःची गुंतागुंत, लुईस ब्लेन हा लाच खाणारा पोलीस आणि त्याचं बिनसलेलं लग्न, वर बाकीचे खेळाडू तुमच्या दुखऱ्या जागांवर बोट ठेवणारी कार्डं टाकतात. कल्पना म्हणून मला तो प्रचंड आवडतो. पण खुनी कोण हे तिथे आधी ठरलेलंच नसतं, प्रत्येकाला एक संशय वाटून दिलेला असतो आणि आपल्या संशयितावर पुरावे चढवायचे, ज्याच्यावर जास्त वजन तो दोषी. डिटेक्टिव्हचं घर जेवढं खरं वाटतं तेवढा खून वाटत नाही. कॅरेक्टर एवढं फुगलं की केस त्याच्याखाली दबली.

ब्रिंडलवुड बे या रोलप्लेइंग गेममध्येही खुनी आधी ठरलेला नसतो, आणि तिथे मला ते खटकत नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचा क्लब, त्या क्लू गोळा करतात, मिळून एक कहाणी रचतात आणि मग दोन फासे टाकतात, त्यात जेवढे क्लू त्या कहाणीत बसले तेवढे मिळवायचे आणि केसची गुंतागुंत वजा करायची. १० किंवा वर, कहाणी खरी. ७ ते ९, खरी पण काहीतरी लफडं उद्भवतं. ६ किंवा खाली, चुकलं. वजाबाकीनंतर काहीच उरलं नाही तर दोन फाशांवर १० किंवा वर यायची शक्यता १७ टक्के सुद्धा नाही, तीन उरले की ५८. शुद्ध तर्कवाल्यांना हा अधर्म वाटतो, फासा सत्य ठरवणार म्हणजे काय. पण बघा, आकडा वाढला तो क्लू जमवल्यामुळे आणि ते कहाणीत बसवल्यामुळे, म्हणजे विचार टेबलावर आधीच होऊन गेलाय, त्या बायकांची हुशारी फाशाच्या अलीकडे आहे. फासा पलीकडे उभा आहे, जग ऐकतंय का बघायला. तेवढ्यापुरता तो योग्य जागीच आहे.

राहता राहिला बॅलन्स, म्हणजे चार डिटेक्टिव्ह एका टेबलावर असताना सगळे सारखे तुल्यबळ हवेत का. जिंकण्याच्या टक्केवारीत सारखे असायची काही गरज नाही असं मला वाटतं, सहकारी गेममध्ये तर नाहीच. प्लेटेस्टला, म्हणजे गेम चाचणीसाठी खेळून बघताना, कोणाला किती क्लू मिळाले हे मोजण्यापेक्षा किती वेळा खेळणाऱ्याने "मी ही असल्यामुळे असं करते" असं म्हणून चाल बदलली ते मोजा. पण एक अडचण खरी आहे, खेळणाऱ्यांची संख्या. आपली ती डॉक्टर चार जणांत घ्या, ती जिवंत माणसाशी बोलणारच नाही, तिचा जोडीदार बोलेल, तिची उणीव फुकटात झाकली जाईल आणि मृतदेहाची खात्री तेवढी पदरात पडेल. एकट्याने खेळताना तीच उणीव गळ्याशी येते. यावर आकडे बदलत बसू नका, नियम त्या जगातून आणा: मृतदेह ज्याने तपासला त्याच्याशीच नातेवाईक बोलतात, दुसऱ्या कोणाशी नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. मग चार जण असोत की एक, त्या दारापुढे तीच उभी राहणार. एकट्याने खेळताना मात्र मोठा आकडा धरायची सोय एकदा काही न सांगताही वापरू द्या, कारण ऐनवेळी सावरून घ्यायला तिथे दुसरं कोणी नसतं.